ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरते आणि डिस्कला टर्निंग करूनही दोष परत येतो: कारण कोठे शोधावे?

सोलापूरच्या एका गाडीमालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची गाडी २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. ती १ लाख २० हजार किलोमीटरच्या आसपास चालली आहे. पुण्याच्या रस्त्यावर ८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरते आणि पेडल पायाला ठोके देते. गॅरेजमध्ये ‘डिस्क बेंड झाली आहे’ असे सांगून दोन वेळा डिस्कचे टर्निंग (लेथवर पृष्ठभाग कापून सपाट करणे) करून दिले, नवे पॅड बसवले, चाकांचे बॅलन्सिंगही झाले. प्रत्येक वेळी दोन-तीन महिने गाडी उत्तम चालली आणि मग थरथर हळूहळू परत आली. आता नव्या डिस्क घ्याव्यात का आणि घेतल्या तर हा त्रास कायमचा जाईल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत असे की नव्या डिस्क घेण्याची वेळ कदाचित आलीही असेल. परंतु ज्या पद्धतीने आतापर्यंत काम झाले त्याच पद्धतीने त्या बसवल्या, तर आणखी तीन-चार महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. ‘दोन-तीन महिने चांगली चालते आणि मग हळूहळू सुरू होते’ हे आपले वाक्यच निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. उष्णतेने डिस्क वाकली असती, तर एखादा घाट उतरल्यावर त्याच दिवशी दोष जाणवला असता. महिन्यांच्या हिशेबाने वाढणारा दोष हा झिजेचा असतो, आणि ती झीज डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर, किंचित तिरकी बसल्यामुळे होत असते.

ही गोष्ट नीट समजून घेतली, तर पुढचे सगळे काम सोपे होते. आपल्या गाडीचा कॅलिपर, म्हणजे दोन पॅडमध्ये डिस्क पकडणारा भाग, दोन पिनांवर आडवा सरकणारा आहे. डिस्क फिरताना आत-बाहेर थोडी डोलत असेल, तर कॅलिपरही तिच्याबरोबर डोलतो. त्यामुळे नुसत्या डोलण्याने, म्हणजे रनआउटने, पेडलला सहसा काहीच जाणवत नाही. याच कारणाने तिरकी बसलेली डिस्क घेऊन गाडी गॅरेजमधून बाहेर पडते आणि चाचणीत निर्दोष ठरते. खरी झीज नंतर, ब्रेक न दाबता गाडी चालत असताना होते. डिस्कचा जो भाग बाहेर आलेला असतो तो प्रत्येक फेरीत पॅडला हलकेच घासून जातो, आणि त्याच्या समोरच्या बाजूचा भाग आतल्या पॅडला घासतो. अशा रीतीने डिस्कच्या ठरावीक दोन जागा इतर भागापेक्षा पातळ होत जातात. जाडीत फरक पडला की मात्र पेडलला कळते, कारण ब्रेक दाबलेला असताना जाड भाग पॅडमध्ये शिरला की पॅडला दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे रेटला जातो, ब्रेक ऑइल पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरकडे ढकलले जाते आणि पायाला ठोका बसतो. पातळ भाग आला की पकड क्षणभर सैल होते. चाकाला मिळणारी पकड अशी कमी-जास्त होत राहिली की स्टेअरिंग थरथरणारच.

किती जाडीचा फरक त्रासदायक ठरतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. साधारण ०.०२ मिलिमीटर फरक झाला की तो हाताला आणि पायाला जाणवू लागतो. वहीच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्शाइतका फरक गाडी हलवायला पुरतो. झिजेचा हिशेबही करून पाहावा. या आकाराच्या गाडीचे चाक एका फेरीत अंदाजे १.९ मीटर जाते, म्हणजे एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेऱ्या होतात. सोलापूर ते पुणे हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर एकदा कापले, की डिस्कचा बाहेर आलेला भाग पॅडला सव्वा लाखाहून अधिक वेळा घासून जातो. महामार्गावर ब्रेक क्वचितच लागतात, त्यामुळे ही असमान झीज भरून काढणारे समान घर्षणही होत नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाड्यांपेक्षा महामार्गावर धावणाऱ्या गाड्यांमध्ये ही तक्रार मला अधिक दिसते, त्याचे कारण हेच असावे.

थरथर ७० ते ९० च्या वेगातच का जाणवते, हेही याच हिशेबातून कळते. ८० च्या वेगात चाक सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या घेते आणि पुढच्या सस्पेन्शनची नैसर्गिक थरथर बहुधा याच टापूत असते. दोन्ही जुळले की लहान दोष मोठा होऊन स्टेअरिंगपर्यंत पोहोचतो. चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे) किंवा बॉल जॉइंट सैल झाले असतील, तर तो आणखी मोठा वाटतो. म्हणूनच कित्येकदा बुश बदलल्यावर थरथर निम्म्यावर येते आणि दोष सापडला असे वाटते. मूळ दोष मात्र डिस्कवर तसाच असतो. बुश जरूर तपासावेत, खराब असतील तर बदलावेतही, पण त्यावर थांबू नये.

‘उष्णतेने डिस्क बेंड झाली’ हे निदान आपल्याकडे फार सहज केले जाते. डिस्क बिडाची असते आणि रोजच्या वापरात ती वाकल्याची उदाहरणे विरळा असतात. उष्णतेचा संबंध आहे, पण तो वेगळ्या प्रकारे. तुळजापूरहून सोलापूरकडे येताना घाट टॉप गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरला आणि खाली कोठेतरी गाडी उभी करून पेडल तसेच दाबून धरले, तर तापलेल्या पॅडमधले द्रव्य डिस्कवर त्या एका जागी चिकटते. पॅडच्या आकाराचा काळसर डाग डिस्कवर दिसला, तर तो याचाच असतो. हा डाग सुरुवातीला पातळ असतो आणि शेवटी दिलेल्या पद्धतीने, वेग वारंवार कमी करून, पॅड डिस्कवर बसवून घेतले तर कधीकधी निघूनही जातो. परंतु तसाच राहिला, तर ब्रेक लागताना ती जागा बाकीच्या डिस्कपेक्षा जास्त तापते; तापमान सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की बिडाची घडणच तेथे बदलते आणि ती जागा कठीण होते. कठीण जागा कमी झिजते, म्हणून उंच राहते, म्हणून आणखी तापते. असे निळसर ठिपके पडलेली डिस्क लेथवर टर्निंग करून उपयोग नसतो, कारण कठीणपणा पृष्ठभागाखाली खोलवर गेलेला असतो आणि भोवतालचे बीड झिजले की तो ठिपका पुन्हा वर येतो. अशी डिस्क बदलावीच.

आता तपासणीकडे वळू. प्रथम दोष ब्रेकचाच आहे आणि पुढचाच आहे याची खात्री करावी. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगात स्टेअरिंग थरथरत असेल, तर तो टायर, रिम किंवा बॅलन्सिंगचा प्रश्न आहे. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग शांत राहून सीट आणि पेडल धडधडत असेल, तर संशय मागच्या ड्रमवर घ्यावा. त्यासाठी सरळ, कोरड्या आणि पूर्ण मोकळ्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हळू ओढून पाहावा. तेवढ्यानेच धडधड आली, तर ड्रम अंडाकृती झाला आहे. घाट उतरून आल्यावर ड्रम तापलेले असताना हँडब्रेक घट्ट ओढून गाडी उभी ठेवण्याची सवय यामागे असू शकते. गाडीला एबीएस (चाके अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा) असेल आणि थांबण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी, कमी वेगात, पेडल खरखरत मागे येत असेल, तर तो डिस्कचा दोष नसून बहुधा चाकाच्या सेन्सरचा असतो. आपल्या वर्णनात स्टेअरिंग आणि पेडल दोन्ही आहेत, त्यामुळे मी पुढच्या चाकांकडेच पाहीन.

गाडी सपाट, पक्क्या जागेवर उभी करून मागच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावावी, पुढची बाजू उचलून ती स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. चाक काढण्यापूर्वी ते वर-खाली धरून हलवून पाहावे. खडखड लागली, तर आधी व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट यांचे काम करावे, कारण सैल बेअरिंगवर घेतलेल्या कोणत्याही मापाला अर्थ नाही. चाक काढल्यावर डिस्क नुसत्या हबवर टेकलेली राहते, म्हणून चारही नट सपाट वॉशर घालून सारख्या ताणाने आवळावेत. मग डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या सुईच्या मापकाचा) चुंबकाचा पाया नकलवर, म्हणजे हबला धरणाऱ्या न फिरणाऱ्या लोखंडी भागावर, घट्ट बसवून त्याची सुई डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून डिस्क हाताने सावकाश पूर्ण एक फेरी फिरवावी. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांतला फरक म्हणजे रनआउट. कंपन्यांची मर्यादा बहुधा ०.१० मिलिमीटरपर्यंत असते. मी मात्र ०.०५ च्या वर समाधान मानत नाही, कारण ०.०८ वर बसवलेली डिस्कसुद्धा काही हजार किलोमीटरनंतर थरथर घेऊन परत येते.

आकडा जास्त आला, तर डिस्क काढण्यापूर्वी खडूने दोन खुणा कराव्यात: एक डिस्कवर, जेथे सुई सर्वांत पुढे गेली तेथे, दुसरी हबच्या जवळच्या स्टडवर, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टवर. कॅलिपर सोडून तो तारेने सस्पेन्शनला टांगावा, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लटकत ठेवू नये. जुनी डिस्क हबला गंजाने धरून बसलेली असते. पुष्कळ डिस्कना मधल्या भागात आटे पाडलेली दोन भोके असतात, त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेले की डिस्क सरळ सुटून येते. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर हातोडा मारू नये.

डिस्क हातात आली की तिच्या आतल्या बाजूकडे आणि हबच्या चेहऱ्याकडे नीट पाहावे. बहुतेक वेळा दोष येथेच डोळ्यांना दिसतो. स्टडच्या मुळाशी तपकिरी गंजाचे कडे जमलेले असते, त्यावर आपल्याकडच्या काळ्या मातीचा वाळून घट्ट झालेला थर असतो, आणि हबच्या बाहेरच्या कडेला गंजाचे पापुद्रे उभे राहिलेले असतात. हबचा चेहरा सुमारे १४० मिलिमीटर व्यासाचा धरला आणि त्याच्या एका कडेला ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा राहिला, तर डिस्कच्या कडेजवळ तोच तिरकेपणा ०.०८ मिलिमीटरपर्यंत वाढतो. म्हणजे माझ्या ०.०५ च्या मर्यादेच्या बाहेर जाण्यास एक पापुद्रा पुरे. टर्निंग करून आणलेली सरळ डिस्क या गंजावर बसवली की ती पहिल्या दिवसापासून तिरकी फिरते. आपल्या गाडीचे दोन्ही वेळा हेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

हबचा चेहरा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करावा. स्टडच्या मुळाशी सपाट ब्रश पोहोचत नाही. तेथे लहान गोल ब्रश किंवा पेपर गुंडाळलेली नळी वापरून प्रत्येक स्टडभोवती स्वतंत्र मेहनत घ्यावी लागते. डिस्कची आतली बाजूही तशीच साफ करावी. ग्राइंडर लावून धातू खरवडू नये. गंज काढायचा आहे, हबचा आकार बदलायचा नाही. या कामाला एका चाकाला अर्धा तास सहज लागतो आणि ग्राहकाला दिसेल असे त्यातून काही निष्पन्न होत नाही, म्हणून घाईच्या दिवसात ते टाळले जाते. या दुरुस्तीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच अर्धा तास.

साफ केल्यावर डिस्क पूर्वीच्याच जागी बसवून पुन्हा माप घ्यावे. आकडा मर्यादेत आला, तर कारण सापडले. तरीही जास्त असेल, तर डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवावी आणि उंच जागा कोठे येते ते पाहावे. खडूची डिस्कवरची खूणच पुन्हा उंच लागली, तर दोष डिस्कमध्ये आहे. उंच जागा मात्र त्याच स्टडसमोर राहिली आणि डिस्कवरची खूण दुसरीकडे गेली, तर हब तिरका आहे. चारही जागा तपासून सर्वांत कमी आकडा येतो ती जागा निवडल्यास पुष्कळदा दोन्हींचे छोटे दोष एकमेकांना खोडून काढतात आणि एक पैसाही खर्च न होता काम होते. हबवर संशय असेल तेव्हा सुई थेट हबच्या चेहऱ्याच्या कडेला लावावी, तेथे ०.०३ पेक्षा बराच जास्त आकडा आला, तर हब आणि बेअरिंग बदलण्याचा खर्च करणेच योग्य.

त्यानंतर जाडी. ती व्हर्नियरने मोजू नये, कारण झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उरलेली असते आणि व्हर्नियरचे जबडे त्या धारेवरच टेकतात. मायक्रोमीटर घेऊन कडेपासून सारख्याच अंतरावर, डिस्कभोवती आठ ठिकाणी माप घ्यावे आणि खडूने तेथेच लिहावे. फरक ०.०२ किंवा त्याहून जास्त असेल, तर आपल्या पायाला जाणवणारे ठोके तेथूनच येतात. किमान जाडी डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेवर कोरलेली असते. ब्रशने घासल्यावर ती वाचता येते. आपल्या डिस्कचे दोनदा टर्निंग झाले असल्याने त्या या मर्यादेच्या अगदी जवळ असण्याचा संभव मोठा आहे. टर्निंगनंतर जाडी किमान मर्यादेच्या वर काही अंतर राखून उरणार नसेल, तर तिसऱ्यांदा लेथवर नेऊ नये. पातळ डिस्क लवकर तापते आणि तापलेल्या डिस्कवर वर सांगितलेले डाग लवकर पडतात. बदलायच्या झाल्यास दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात आणि त्यांच्याबरोबर पॅडही नवे घालावेत.

जाडी पुरेशी असेल, तर टर्निंगला माझी हरकत नाही, मात्र कारागिराशी स्वतः बोलून घ्यावे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत काय किंवा शहरातल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये काय, लेथवर हात बसलेली माणसे सोलापुरात पुष्कळ आहेत. यंत्रमागांच्या या शहरात ती असणारच. परंतु डिस्क चकमध्ये गंजासकट पकडली, तर लेथ तिला हबच्या चेहऱ्याशी तिरकी कापतो. बसण्याचा चेहरा आधी साफ करून त्याच चेहऱ्याच्या आधाराने डिस्क पकडावी, दोन्ही बाजू एकाच पकडीत घ्याव्यात आणि शेवटची फेरी अगदी बारीक घ्यावी, असे त्यांना सांगावे. परत आल्यावर गाडीवर बसवून डायल गेज पुन्हा लावावा. लेथवर सरळ आलेली डिस्क गाडीवर सरळ बसली आहे, हे मापाशिवाय सिद्ध होत नाही.

डिस्क बाजूला असताना कॅलिपर तपासणे ओघानेच येते. दोन्ही पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. अडकत असतील, तर जुने ग्रीस पुसून काढून सिलिकॉनचे किंवा ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. गॅरेजमधल्या डब्यातले साधे पिवळे ग्रीस लावल्यास रबर फुगते आणि पिन पूर्वीपेक्षा जास्त अडकते. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश मागे जायला हवा. तो जात नसेल, पण ब्लीड निपल (कॅलिपरवरचा हवा काढण्याचा स्क्रू) सोडताच जात असेल, तर होज आतून फुगून दाब अडवून धरत आहे असे समजावे. दोष अडकलेल्या पिनेचा असो, पिस्टनचा असो वा होजचा, परिणाम एकच होतो: ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि पॅड डिस्कला सतत घासत राहतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर बदलून घ्यावे. ते हवेतली आर्द्रता शोषते. नव्या डॉट-३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तो पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो, आणि मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात घाट उतरताना ही घसरण धोक्याची ठरते.

नटांविषयी थोडे आग्रहाने लिहितो, कारण चांगले केलेले काम येथे बिघडते. चाकाचे नट डिस्कलाही हबवर दाबून धरतात. पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने एक नट जीव तोडून आणि दुसरा जेमतेम आवळला, तर डिस्कचा मधला भाग त्या असमान ताणाने मुरडतो आणि साफ केलेल्या हबवरही रनआउट तयार होतो. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. लहान गाड्यांचा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत मिळेल. शंभरेक किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा तपासावेत. पुढे कधी रस्त्यात पंक्चर काढावे लागले, तर घरी आल्यावर चारही नट सैल करून पुन्हा याच पद्धतीने आवळावेत.

काम पूर्ण झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत अनेक वेळा दाबावे, कारण पिस्टन मागे रेटलेला असतो आणि पहिल्या दाबात ब्रेक मुळीच लागत नाही. मग पहाटेच्या वेळी, शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, ६० च्या वेगावरून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, थोडे अंतर जाऊन डिस्क थंड होऊ द्यावी आणि असे दहा-बारा वेळा करावे. त्याने पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये जोरदार ब्रेक मारून पेडल दाबूनच उभे राहणे टाळावे. लांबच्या प्रवासातून येऊन थेट वॉशिंग सेंटरवर तापलेल्या चाकांवर पाण्याचा फवारा मारण्याचीही घाई करू नये. तुळजापूरचा घाट उतरताना तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू द्यावी.

आपण गॅरेजमध्ये जाताना एवढेच विचारा: डायल गेज आहे का, आणि डिस्क बसवल्यावरचा आकडा मला दाखवाल का? ज्यांच्याकडे गेज आहे, त्यांनी दोन्ही चाकांचे आकडे बिलावर लिहून द्यावेत. तीन महिन्यांनी किंवा तीन-चार हजार किलोमीटरनंतर थरथर नसली, तरीही एकदा चाक काढून तेच माप पुन्हा घ्या आणि जाडीही आठ ठिकाणी मोजा. रनआउट ०.०५ च्या आत आणि जाडीतला फरक ०.०१ च्या आत असेल, तर त्या डिस्कला पॅड झिजून संपेपर्यंत हात लावायची गरज नाही.